अंगणांतील अग्नि

मागील एका अंकांत आम्हीं घरांतील पिण्याच्या पाण्याविषयीं चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्यावर एका वाचकभगिनीनें "पाण्याचें झालें, आतां अग्नीचेंही होऊं द्या" असें सुचविलें. सूचना योग्यच होती. परंतु तिला मुहूर्त लागला तो सातासमुद्रांपलीकडे, आणि तोही एका वांग्याच्या निमित्तानें!

गेल्या वर्षीं मे ते ऑगस्ट असे चार महिने आम्ही उभयतां अमेरिकेंत न्यू जर्सी येथें चिरंजीवांकडे होतों. तिकडील पुष्कळ घरांप्रमाणें त्यांच्याही घरीं नैसर्गिक वायु रस्त्याखालील नळांतून थेट येतो. स्वयंपाकाची शेगडी, पाणी तापविण्याचा बंब आणि थंडींत घर ऊबदार ठेवणारी भट्टी हीं तिन्ही त्यावरच चालतात. आमच्या सौभाग्यवतींनीं पहिल्याच रविवारीं भरतासाठीं वांगें शेगडीवर धरलें. साल करपते न करपते तोंच छताला लावलेलें, धुराची सूचना देणारें यंत्र असें किंचाळूं लागलें कीं, नात कानांवर हात ठेवून अंगणांत पळाली. वांगें अर्धें कच्चें राहिलें. सूनबाई हंसत म्हणाल्या, "आई, इथें भाजायचें तें बाहेरच." चिरंजीवांनीं त्याच दिवशीं ठरविलें कीं, यंदा मागील अंगणांत ग्रिल, म्हणजे झांकणाची आणि जाळीची मोठी गॅसची शेगडी, घ्यावयाचीच.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत आतां थोडीं नाहींत. शिवाय मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नळाचा वायु आपल्याही स्वयंपाकघरांत आला आहे. म्हणून ती शेगडी निवडतांना आम्ही जें शिकलों, आणि ज्या चुकीपासून थोडक्यांत बचावलों, तें येथें सांगतों.

दुकानांत शिरलों तों लखलखीत पोलादी शेगड्यांची पलटणच उभी होती. प्रत्येकीच्या गळ्यांत एकेक आंकडा : ३६,०००, ४८,०००, ६०,००० बीटीयू. चिरंजीवांची दृष्टि साहजिकच सर्वांत मोठ्या आंकड्यावर गेली. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापविण्यास जेवढी उष्णता लागते ती एक बीटीयू. सर्व बर्नर पूर्ण उघडले असतां शेगडी तासाभरांत किती उष्णतेचा वायु जाळते, एवढेंच हा आंकडा सांगतो. म्हणजे हा तिचा आहार झाला, सामर्थ्य नव्हे. आम्ही जन्माचे शाळामास्तर. खिशांतून कागद काढून भागाकार मांडला. साठ हजारांच्या शेगडीची जाळी ८०० चौरस इंचांची होती, म्हणजे इंचामागें ७५. छत्तीस हजारांच्या शेगडीची जाळी ४०० चौरस इंचांची, म्हणजे इंचामागें ९०. इंचामागें ८० ते १०० पडले तर शेगडी सामान्यतः समाधानकारक भाजते. मोठीपेक्षां धाकटीच बलवान ठरली! अर्थात् भागाकार हेंच सर्वस्व नव्हे. झांकण जाड पत्र्याचें असावें व नीट बसावें. तें सैल असेल तर उष्णता फटींतून निघून जाते आणि आंकडा कागदावरच राहतो.

दुसरी कसोटी नातीनें केली. आमच्या सांगण्यावरून ती घरून एक लोहचुंबक घेऊन आली होती, आणि प्रत्येक शेगडीला तो लावून पाहत होती. पोलादांत ३०४ क्रमांकाची जात गंजाला चांगली दाद देत नाहीं व तिला चुंबक सहसा चिकटत नाहीं. ४३० क्रमांकाच्या स्वस्त जातीला तो चिकटतो, आणि पावसापाण्यांत ती लौकर डागळते. ही कसोटी निर्णायक नव्हे, परंतु विक्रेत्याच्या वाक्चातुर्यापेक्षां अधिक विश्वासार्ह आहे. भाजण्याची जाळी मात्र आमच्या सौभाग्यवतींनीं पाहतांच ओळखली : "ही तर बिडाची!" खरेंच तें. बिडाच्या तव्यासारखी ती उशिरां तापते, पण तापली म्हणजे उष्णता धरून ठेवते. आणि तव्यासारखीच तेलाचा हात न फिरविल्यास गंजते. ज्यांच्या हातून रोजची निगा होणार नाहीं त्यांनीं जाड पोलादी सळयांची जाळी घ्यावी.

खरा प्रश्न पुढेंच होता. या शेगड्या दोन प्रकारच्या मिळतात : एक नळाच्या नैसर्गिक वायूवर चालणारी, दुसरी सिलिंडरांतील प्रोपेनवर चालणारी. दिसण्यांत दोघी जुळ्या बहिणी. अंतरंग मात्र निराळें. नैसर्गिक वायु मुख्यत्वें मिथेन असतो. तो हवेहून हलका, तिच्या सुमारें ०.६ पट, सुटला तर वर जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो जमिनीलगत खोलगट जागीं साठून राहतो. एक घनफूट नैसर्गिक वायूंत सुमारें १,००० बीटीयू उष्णता असते, प्रोपेनमध्यें सुमारें २,५००. प्रोपेन शेगडीकडे येतो तो पाण्याच्या स्तंभानें मोजल्यास ११ इंचांच्या दाबानें. नळाच्या वायूचा दाब त्याहून पुष्कळ कमी. म्हणून नैसर्गिक वायूच्या शेगडीचें जेट, म्हणजे ज्या सूक्ष्म छिद्रांतून वायु बर्नरमध्यें शिरतो तें तोंड, मोठें असतें व प्रोपेनचें लहान. प्रोपेनची शेगडी नळाला जोडली तर ज्योत मरतुकडी होते. उलट नळाच्या शेगडीला सिलिंडर जोडला तर ज्वाळा आवरत नाहीं. आपल्याकडे सिलिंडर जाऊन पाईपचा गॅस आला तेव्हां कंपनीचा कारागीर येऊन शेगडीचे जेट बदलून गेला, हें पुष्कळ गृहिणींना आठवत असेल. त्याचें मर्म हेंच.

सोयीच्या दृष्टीनें पाहतां, २० पौंडांच्या सिलिंडरांत सुमारें ४,३०,००० बीटीयू मावतात. छत्तीस हजारांची शेगडी पूर्ण उघडली तर तो बारा तासांत संपतो, आणि बहुधा पाहुणे ताटावर बसले असतांच संपतो. नळाच्या वायूला ही विवंचना नाहीं. परंतु नळाची शेगडी एका जागीं खिळलेली असते, जोडणीस खर्च येतो, आणि उद्यां बिऱ्हाड नळ नसलेल्या ठिकाणीं गेलें तर ती तेथें निरुपयोगी ठरते. ज्यांचें घर स्वतःचें व वायु दारांत आहे त्यांनींच ती घ्यावी, असें आमचें मत झालें. चिरंजीवांचें घर तसें होतें. निर्णय झाल्यासारखाच होता.

तोंच एक मोह आडवा आला. शेजारचें एक कुटुंब दुसऱ्या राज्यांत जाण्यास निघालें होतें. त्यांनीं आपली एकच हंगाम वापरलेली प्रोपेनची शेगडी चिरंजीवांना फुकट देऊं केली. चांगली पांच बर्नरांची, झगझगीत. चिरंजीव हरखून गेले. म्हणाले, "बाबा, आपल्या नळाला हीच जोडूं. जेटची भोंकें ड्रिलनें थोडीं मोठीं केलीं कीं झालें. लोक करतात तसें. मीं व्हिडिओ पाहिला आहे." कांहीं कंपन्या आपल्या ठराविक नमुन्यांसाठीं जेट व रेग्युलेटर यांचा संच स्वतःच पुरवितात, आणि तो जाणकाराकडून बसवून घेतला तर त्यास आमची हरकत नव्हती. परंतु या शेगडीच्या पुस्तिकेंत, दुसऱ्या वायूसाठीं तिचें रूपांतर करूं नये, असें स्पष्ट छापलेलें होतें. आम्हीं तें दाखविलें. चिरंजीव किंचित् रागानेंच म्हणाले, "बाबा, मी इंजिनिअर आहें. एवढें तर मला समजतें!"

वाचकहो, मुलगा चाळिशीला आला म्हणजे बापानें किती बोलावें याची एक मर्यादा असते. त्या संध्याकाळीं आम्ही गप्प बसलों. रात्रीं मात्र झोंप येईना. चिरंजीवही जागेच होते. स्वयंपाकघरांत पाणी पिण्यास आले. तेव्हां आम्हीं त्यांस उपदेश केला नाहीं. आपला स्वतःचाच एक अपराध सांगितला, जो तोंवर मुलांना ठाऊक नव्हता.

पुण्यास असतांना सिलिंडरच्या रबरी नळीची मुदत उलटून गेली होती. सौभाग्यवतींनीं दोनदां आठवण केली. "अजून धडधाकट आहे" म्हणून आम्हीं ती तशीच चालविली. कारण काय, तर शेंदोनशें रुपयांची काटकसर! एके रात्रीं दोनच्या सुमारास त्यांना उग्र वास आला. त्यांनीं दिवा लावूं दिला नाहीं, अंधारांतच चांचपडत रेग्युलेटर बंद केला व सर्व खिडक्या उघडल्या. सकाळीं पाहिलें तों नळीला टोंकापाशीं चीर गेली होती. धाकटीं दोघें पलीकडच्याच खोलींत निजलीं होतीं. चिरंजीव त्या वेळीं दहा वर्षांचे होते.

"आणि तो वास," आम्हीं पुढें म्हटलें, "वायूचा नव्हता." कारण नैसर्गिक वायूस काय किंवा सिलिंडरांतील शुद्ध वायूस काय, स्वतःचा असा ओळखूं येण्यासारखा वास जवळजवळ नसतोच. तो मुद्दाम मिसळतात. आणि त्याची सक्ति करण्यामागें जी हकीकत आहे ती आम्हां शाळामास्तरांस विसरतां येण्याजोगी नाहीं. टेक्सास संस्थानांतील न्यू लंडन या गांवीं तेलाच्या विहिरींमुळें संपन्न झालेली एक मोठी शाळा होती. खर्च वाचावा म्हणून शाळेनें वायु विकत घेणें बंद केलें, आणि तेलविहिरींजवळून जाणाऱ्या, उरलासुरला वायु वाहून नेणाऱ्या नळाला आपली जोडणी करून घेतली. त्या भागांत तशी चालच पडली होती. कोठेंतरी गळती झाली, आणि बिनवासाचा वायु इमारतीखालील पोकळींत सांठत गेला. १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं तीननंतर, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असतां, सुतारकामाच्या वर्गांत विजेचें एक यंत्र सुरू केलें गेलें. ठिणगी पडली आणि शाळेची इमारत उडाली. विद्यार्थी व शिक्षक मिळून सुमारें ३०० जीव गेले. वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची रीत त्यापूर्वींही कोठें कोठें होती. परंतु या अनर्थानंतर टेक्सासनें त्याच वर्षीं त्याविषयीं कायदा केला, आणि पुढें ही पद्धति सर्वत्र रूढ झाली. "तुझ्या आईनें त्या रात्रीं जो वास ओळखला, त्याचें मोल त्या मुलांनीं दिलेलें आहे. आम्हीं काटकसर कोठें करूं नये तेथें केली. तूं करूं नकोस, एवढेंच."

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं शेजाऱ्यांची शेगडी आभार मानून नाकारली. ती सिलिंडरसह दुसऱ्या एका कुटुंबानें नेली व तेथें ती उत्तम चालते. वस्तु वाईट नव्हतीच. ती या घरच्या अग्नीसाठीं घडविलेली नव्हती, इतकेंच.

मग मूळचीच नैसर्गिक वायूची, तीन बर्नरांची, छत्तीस हजारांची शेगडी घेतली. नगरपालिकेची परवानगी काढून परवानाधारक प्लंबरला बोलाविलें. त्यानें आधीं बेरीज मांडली : भट्टी ८०,०००, बंब ४०,०००, स्वयंपाकाची शेगडी ६०,००० आणि ही ३६,०००, एकूण २,१६,००० बीटीयू, म्हणजे तासाला सुमारें २१६ घनफूट वायु. मीटर २५० घनफुटांचा असल्यानें निभावलें; नसतें तर तो आधीं बदलावा लागता. नळ किती लांब व किती जाड हवा हेंही या बेरजेवरच ठरतें. घराबाहेर त्यानें वायु बंद करण्याची स्वतंत्र चावी बसविली आणि दाबाची परीक्षा घेऊनच तो गेला.

जागा ठरवितांना आम्हांस आपल्या याज्ञिकांची आठवण झाली. गार्हपत्याचें कुंड वर्तुळाकार, आहवनीयाचें चौकोनी, दक्षिणाग्नीचें अर्धचंद्राकार. प्रत्येक अग्नीची जागा व आकृति आधीं आखावयाची, आणि मगच त्याची स्थापना करावयाची. अंगणांतील या लौकिक अग्नीसही तोच नियम लागू आहे. भिंतीपासून व लांकडी कठड्यापासून दूर, शक्य तर १० फुटांवर. वर छप्पर किंवा झाडाची फांदी नाहीं. आणि मुलांसाठीं सभोंवार ३ फुटांचें रिंगण. नातीनें तें रिंगण खडूनें आंखलें व पहिल्या प्रथम आजोबांनाच त्याच्या बाहेर काढलें!

एक नाजूक प्रश्न राहिला होता. आमच्या घरीं सर्व शाकाहारी. परंतु चिरंजीवांचे स्नेही येणार, त्यांचीं मुलें आपापले पदार्थ आणणार. जाळी एकच. आमच्या मनांत खळबळ होती, ती आम्ही लपवीत नाहीं. सूनबाईही अवघडल्या होत्या. सौभाग्यवतींनीं जाळी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर सुटी होते. दुसरी एक घ्या. जाळी निराळी ठेवूं. माणसें कशाला निराळीं ठेवायचीं?" दुसरी जाळी आली, तिला खूण म्हणून तांबडी दोरी बांधून ती गाडीच्या खोलींत टांगली. पाहुणे गेल्यावर झांकण लावून पंधरा मिनिटें शेगडी पूर्ण तापवावी, जाळी खरवडावी, आणि मग आपली जाळी चढवावी, असा परिपाठ ठरला. ज्यांना एवढ्यानें समाधान वाटणार नाहीं त्यांनीं आपल्या मनाप्रमाणें करावें. आमच्या घरीं वाद मिटला.

आतां नित्याचे नियम थोडक्यांत. (१) हंगामाच्या आरंभीं प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावावें. फुगे आले तर वायु गळतो असें समजून चावी बंद करावी. काडी ओढून परीक्षा कदापि करूं नये. (२) पेटवितांना झांकण उघडें असावें. वायु हलका असला तरी मिटलेल्या झांकणाखालीं सांठतोच. लौकर न पेटल्यास बटण बंद करून पांच मिनिटें थांबावें. (३) बर्नरच्या नळ्या वर्षांतून एकदां तपासाव्या; कोळ्यांना त्यांत घर करणें फार आवडतें. जाळ्यानें वाट अडली म्हणजे ज्वाळा उलटी बाहेर येते. (४) तेल-तुपाचे थेंब सांठणारें खालचें ताट वरचेवर धुवावें. अंगणांतील पुष्कळ आगी या स्निग्ध मळानेंच लागतात. (५) तारेच्या ब्रशाचे केंस तुटून अन्नांत जातात. लांकडी खरवडणी बरी. (६) बंद जागेंत ही शेगडी कधींही पेटवूं नये. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या वायूपासून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

हा शेवटचा नियम आम्ही विशेषेंकरून आपल्या शहरांतील वाचकांसाठीं लिहितों. कांचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे अंगण नव्हे. तसेंच स्वयंपाकघरांतील पाईपला आपणच रबरी नळी जोडून ती गच्चीवर नेणें हें साहस कोणी करूं नये. जी जोडणी हवी ती गॅस कंपनीस कळवून तिच्याच माणसांकडून करवावी, आणि कंपनी नाहीं म्हणाली तर हट्ट सोडावा. भरतासाठीं कोळशाची लहान शेगडी मोकळ्या गच्चीवर अजूनही उत्तम काम देते.

भरताविषयीं सांगावयाचें राहिलेंच. वांग्याला तेलाचा हात लावून दोन टोंचे द्यावे, दोन बर्नर पेटवून साल करपेपर्यंत फिरवीत भाजावें, मग न पेटविलेल्या बाजूस सारून झांकण लावावें. दहा-पंधरा मिनिटांत गर लोण्यासारखा होतो. पहिलें भरत झालें त्या दिवशीं छतावरचें यंत्र गप्प होतें.

परवां चिरंजीवांचा फोन आला. तिकडे थंडी सरली होती व शेगडीवरचें आच्छादन त्यांनीं काढलें होतें. एका नळींत कोळ्याचें जाळें निघालें. तें साफ केलें. मग नातीनें वाटींत साबण कालवून प्रत्येक सांध्याला लावला. "बाबा," ते म्हणाले, "एकही फुगा आला नाहीं." मागून सूनबाईंचा आवाज आला कीं, वांगीं आणलीं आहेत, आईंना विचारा, टोंचे किती द्यायचे.